हुकलेला पूर्वी स्टार : १९७१ च्या एका जखमी जवानाच्या पदकांचं प्रकरण

तालुक्याच्या माजी सैनिक संघात कागदपत्रांचं काम पाहताना हाताखालून गेलेलं हे एक प्रकरण. पूर्वी स्टार म्हणजे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळणारं पदक. माणसाचं नाव, गाव, पलटण आणि संबंधित कार्यालयं मुद्दाम दिलेली नाहीत. या लेखात त्यांना आबा म्हणू. गावातही सगळे त्यांना तसंच म्हणतात. अशी प्रकरणं आपल्या भागात अजून बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक पहिल्या अर्जातच अडकतात, म्हणून हे तपशिलात मांडतो आहे.

पार्श्वभूमी

आबा १९६७ साली पायदळात भरती झाले आणि १९८४ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. १९७१ च्या युद्धात त्यांची पलटण पूर्व आघाडीवर, हिलीच्या बाजूला होती. हिली पश्चिम बंगाल आणि तेव्हाचं पूर्व पाकिस्तान यांच्या सरहद्दीला अगदी चिकटलेलं, रेल्वे स्टेशन पलीकडच्या हद्दीत. युद्ध रीतसर सुरू झालं ३ डिसेंबरला, पण हिलीत लढाईला तोंड फुटलं ते २२ नोव्हेंबरच्या रात्री. पुढे डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत तिथली झुंज चालू होती. भातखाचरं, दलदल आणि पक्के बंकर. पूर्व आघाडीवरच्या सगळ्यात रक्तबंबाळ लढायांमध्ये हिलीचं नाव घेतात. पाकिस्तानने आपल्या मेजर मुहम्मद अक्रम यांना निशान-ए-हैदर हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक दिलं ते याच लढाईसाठी.

आबा तेव्हा सेक्शनची, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीची, एलएमजी (हलकी मशीनगन) चालवत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तोफगोळ्याचा स्प्लिंटर त्यांच्या डाव्या मांडीत घुसला. फील्ड अॅम्ब्युलन्स, तिथून मागे मिलिटरी हॉस्पिटल, मग आणखी मागे मोठं हॉस्पिटल. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली ती बातमी त्यांनी खाटेवर ऐकली. पाय बरा झाल्यावर रेजिमेंटच्या सेंटरवर डेपो कंपनीत, आणि तिथून थेट दुसऱ्या बटालियनला पोस्टिंग. ज्या पलटणीबरोबर ते लढले, तिच्यात परत कधी गेलेच नाहीत. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकात, पदकांच्या रकान्यात तीन नोंदी आहेत: संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. फौजेतल्या माणसाला ही यादी वाचताच खटकायला हवं. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या सगळ्यांना मिळालं, मग तो आघाडीवर असो वा पिछाडीच्या एखाद्या भांडारात. आघाडीवर असल्याची खूण म्हणजे पूर्वेकडे पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडे पश्चिमी स्टार. आबांच्या यादीत स्टार नाही. आणि त्याच बुकात, दोन पानं पुढे, जखमांच्या रकान्यात लिहिलंय: डाव्या मांडीत स्प्लिंटर, ऑप कॅक्टस लिली. हे त्या युद्धाचं सांकेतिक नाव. म्हणजे एकच पुस्तक एका पानावर सांगतं की हा माणूस लढाईत जखमी झाला, आणि दुसऱ्या पानावर तो लढाईत होता हेच सांगत नाही.

आबांनी सदतीस वर्षं याबद्दल तक्रार केली नाही. २०२१ हे युद्धाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं, ठिकठिकाणी माजी सैनिकांचे सत्कार झाले. जिल्ह्याच्या कार्यक्रमाला 'मेडल लावून यावे' असा निरोप आला. तिथे त्यांच्याहून धाकटा, त्याच युद्धातला एक जण भेटला. त्याने सहज विचारलं, "आबा, तुमचा स्टार कुठाय?" घरी आल्यावर त्यांनी नातीला हाक मारली आणि ट्रंक उघडायला सांगितली.

अडचण नेमकी कोणती

घरच्यांनी पहिला अर्ज स्वतःच लिहून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पाठवला होता. संघाकडे ते आले ते त्याचं उत्तर हातात घेऊन. अर्ज तीन पानांचा होता. त्यात हिलीची लढाई होती, आबांनी एलएमजीवर राहून सेक्शनला मागे यायला कसं कव्हर दिलं ते होतं, कमांडिंग ऑफिसर हॉस्पिटलात येऊन "तुझं नाव वर पाठवलंय" म्हणाले ते होतं, आणि शेवटी मागणी होती: वीर चक्र किंवा योग्य तो शौर्य पुरस्कार, तसंच राहिलेली सर्व पदकं मिळावीत.

उत्तर चार ओळींचं. शौर्य पुरस्काराची शिफारस अभिलेखात आढळत नाही. पूर्वी स्टारसाठी युनिटने दिलेल्या नामावलीत नाव नाही. सबब मागणी मान्य करता येत नाही.

घरच्यांनी याचा अर्थ 'दिल्लीने नाकारलं' असा लावला. खरं तर त्या पत्रात दोन अगदी वेगवेगळी उत्तरं एकत्र आली होती, आणि त्यातलं दुसरं उत्तर हे नकार नव्हतंच. ते उलट कारण सांगत होतं. नामावलीत नाव नाही, कारण युद्ध संपल्यावर पलटणीने जी यादी केली ती हजर असलेल्यांची केली असणार. आबा तेव्हा हॉस्पिटलात होते, युनिटच्या पटावरून त्यांचं नाव कमी झालेलं होतं. सेंटरने वाटलं असेल की यादी पलटण करेल. नवी बटालियन तर त्या आघाडीवर नव्हतीच, तिने नाव देण्याचा प्रश्न नव्हता. तिघांपैकी कुणाचा वाईट हेतू नाही, आणि तरी माणूस मधल्या मध्ये गळाला.

इथे एक फरक समजून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या विषयातलं निम्मं काम तेवढ्यानेच होतं. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल, मेन्शन इन डिस्पॅचेस ही शौर्याची पदकं. ती कुणी मागून मिळत नाहीत. त्या वेळच्या अधिकाऱ्याने शिफारस लिहायची, ती वर जायची, वरच्यांनी तोलायची. पूर्वी स्टारसारखी मोहिमेची पदकं वेगळी. अटी ठरलेल्या असतात, त्यात बसलात की ते तुमचं. तिथे कुणाची मर्जी नाही, शिफारस नाही. जखमी झालेल्याला मिळणारं पराक्रम पदक, ज्याला फौजेत सगळे वूंड मेडल म्हणतात, तेही याच जातीचं: शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखम झाली असेल तर ते मिळायला हवं. जुन्या कागदांवर एक नाव असतं, नव्यावर दुसरं, म्हणून शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

घरच्यांच्या अर्जात हक्काची मागणी शौर्याच्या मागणीखाली दबून गेली होती. वूंड मेडलचा तर उल्लेखही नव्हता, कारण असं काही असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पर्याय बरेच होते, आणि प्रत्येकाचा आग्रह धरणारं कुणी ना कुणी घरात होतंच.

थोरल्या मुलाला उपोषण हवं होतं. २६ जानेवारीला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसायचं, पत्रकार बोलवायचे. स्थानिक पुढारी मंडपाचा खर्च करायला तयार होते. माझा विरोध दोन कारणांनी होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात यातलं काहीही नाही, ते निवेदन घेऊन पुढे पाठवणार, ते फिरून त्याच रेकॉर्ड ऑफिसला जाणार आणि तेच चार ओळींचं उत्तर येणार. दुसरं, पंच्याहत्तरीच्या घरातल्या माणसाला जानेवारीच्या थंडीत मंडपात बसवायचं आणि त्याची शोभा करायची, हे मनाला पटत नव्हतं. आबा स्वतः म्हणाले, "मी बसणार न्हाय. कुणी काय द्यावं म्हणून मागत न्हाय मी. हुतो तिथं, एवढं तरी लिहा की." उपोषण तिथेच मागे पडलं.

एक एजंट घरी येऊन गेला होता. दिल्लीत ओळख आहे, शौर्य पदक 'करून देतो', त्यावर राज्य सरकारकडून मिळणाऱ्या रकमेतला वाटा द्या, असा प्रस्ताव. शौर्य पदकधारकांना महाराष्ट्र शासन अनुदान देतं हे खरं आहे, आणि नेमक्या त्याच माहितीच्या जोरावर हे लोक गावोगाव फिरतात. पूर्वी स्टार किंवा वूंड मेडलवर असा पैसा नाही. हे घरच्यांना स्पष्ट सांगितलं. धाकट्या मुलाचा चेहरा थोडा उतरला, पण ते आधीच कळलेलं बरं. पैशाच्या आशेवर सुरू झालेली फाईल पहिल्या नकाराला बंद होते.

खासदारांचं पत्र हा तिसरा पर्याय. ते निरुपयोगी नसतं, उत्तर लवकर येतं. पण पत्राने पुरावा तयार होत नाही. हातात काही नसताना पत्र लावलं की नकार लवकर येतो, एवढाच फरक.

सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. २००७ च्या कायद्यानुसार तिथे जाण्याआधी खात्यातले उपाय संपवलेले असावे लागतात आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. चार ओळींचं ते पत्र हातात घेऊन लगेच जाता आलं असतं. वकील म्हणाले, जाऊ, पण न्यायाधिकरण पहिला प्रश्न विचारेल की तुमच्याकडे कागद काय आहे.

शेवटचा पर्याय सगळ्यात सपक होता: पदक मागायचंच नाही, आधी कागद मागायचे.

पहिला निर्णय : दोन मागण्या वेगळ्या करणे

नातीने, ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, सगळ्यांना बसवून हे ठरवून घेतलं. पूर्वी स्टार आणि वूंड मेडलची फाईल एक, शौर्याची दुसरी, आणि पहिली संपेपर्यंत दुसरी उघडायची नाही. आबांना हे लगेच पटलं. मुलांना वेळ लागला, कारण शौर्याची मागणी मागे ठेवणं म्हणजे ती सोडून देणं असं त्यांना वाटत होतं.

यावर मी आजही ठाम आहे. एका अर्जात दोन्ही गेलं की टेबलावरचा क्लार्क अर्ज शौर्याचा म्हणून वाचतो, आणि शौर्याच्या उशिरा आलेल्या अर्जांना काय उत्तर द्यायचं हे त्याला पाठ असतं. उरलेलं त्याच उत्तरात वाहून जातं.

दुसरा निर्णय : माहितीचा अधिकार, आणि तो कसा वापरायचा

माहिती अधिकारात 'मला पदक का दिले नाही' असं विचारलं तर उपयोग नाही. 'का'ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, तो असलेला कागद द्यायला बांधील असतो. म्हणून अर्जात फक्त कागद मागितले. शीट रोलची (जवानाच्या मूळ सेवानोंदीची) सर्व पानांसह साक्षांकित प्रत. डिसेंबर १९७१ ते जून १९७२ या काळात या आर्मी नंबरसंबंधी निघालेल्या पार्ट टू ऑर्डरचे, म्हणजे बदली, जखम अशा घटना नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशांचे, उतारे. पूर्वी स्टारसाठी युनिटने पाठवलेल्या नामावलीचं पत्र, तारखेसह. बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत मृत वा जखमी झालेले) नोंदवहीतली या नंबरची नोंद. आणि यातलं काही नष्ट केलं असेल तर ते कोणत्या नियमाने आणि कधी, त्याचं प्रमाणपत्र.

शेवटचा मुद्दा मुद्दाम घातला. 'सापडत नाही' हे उत्तर फुकट असतं. 'नष्ट केलं' असं म्हणायला मात्र सही करावी लागते.

दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज गेला. तीस दिवसांच्या मुदतीत शीट रोल आला. पार्ट टू ऑर्डरबद्दल उत्तर होतं, 'उपलब्ध अभिलेखात आढळत नाही'. शीट रोलमध्ये हॉस्पिटलात दाखल झाल्याची नोंद होती, पण जखम कशाने झाली याचा शब्द नव्हता. इथे गाडी अडली, कारण वूंड मेडलला नुसती जखम पुरत नाही. ती शत्रूच्या कारवाईतली आहे हे दिसावं लागतं. ट्रक उलटून मोडलेला पायही हॉस्पिटलच्या नोंदीत तसाच दिसतो.

कागद सापडला तो घरात

आबांची काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगाने आर्मी नंबर. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा घरच्यांनी मेडलं आणि डिस्चार्ज बुक काढून घेतलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. नातीला मी विचारलं की जखमी झाल्याचं घरी कळलं कसं. आबा म्हणाले, तार आली होती. आईनं ती जपून ठेवली होती, पुढे कुठं गेली कुणास ठाऊक.

तार ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली होती, आबांच्या आईच्या लुगड्याच्या जुन्या बिलाबरोबर घडी घातलेली. कागद घडीवर फाटलेला, शाई जांभळट झालेली. इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं: आर्मी नंबर, हुद्दा, नाव, कारवाईत जखमी, तारीख, हॉस्पिटलचं नाव. नावाचं स्पेलिंग चुकलेलं. खाली पाठवणाऱ्याचा संदर्भ क्रमांक. आणि पाठवणारं कार्यालय म्हणजे तेच रेकॉर्ड ऑफिस, जे पन्नास वर्षांनी म्हणत होतं की आमच्याकडे नोंद आढळत नाही.

आबांच्या आईला वाचता येत नव्हतं. शाळामास्तरांनी ती तार वाचून दाखवली तेव्हा 'जखमी' हा शब्द ऐकून तिने आधी विचारलं, "म्हंजी हाय न्हवं?" हे आबांनी सांगितलं आणि मग बराच वेळ ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तारेतल्या चुकीच्या स्पेलिंगमुळे घरच्यांना धास्ती वाटली. तिचं कारण नव्हतं. फौजेत माणूस नंबराने ओळखला जातो, आणि नंबर अचूक होता. आपल्याकडे आडनावं, वडिलांचं नाव, 'राव' लावणं न लावणं यांत इतका गोंधळ असतो की नावावर कुणी निर्णय घेतच नाही. अर्जाच्या प्रत्येक पानावर आर्मी नंबर लिहा, असं मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठी.

आता प्रथम अपील करताना तारेची प्रत जोडली आणि मागणी नेमकी केली: या संदर्भ क्रमांकाच्या पत्राची कार्यालयीन प्रत, आणि ते ज्या नोंदीवरून निघालं ती नोंद. 'सर्व पार्ट टू ऑर्डर' शोधणं आणि एक ठरावीक पत्र शोधणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रेकॉर्ड ऑफिसमधल्या एका हवालदार क्लार्कने, त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, ते शोधलं. डेपो कंपनीने १९७२ च्या सुरुवातीला काढलेली पार्ट टू ऑर्डर मिळाली. तिच्यात तीन गोष्टी एका ओळीत होत्या: कोणत्या युनिटमधून आला, बॅटल कॅज्युअल्टी म्हणून कोणत्या तारखेला नोंदला गेला, आणि हॉस्पिटलातून डेपोत कधी आला.

ती तारीख ३ डिसेंबरनंतरची, ठिकाण पूर्व आघाडीवरचं. स्टारसाठी याहून जास्त काही लागत नव्हतं.

त्याच सेक्शनमधले एक निवृत्त सुभेदार शेजारच्या जिल्ह्यात राहतात. त्यांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्रही जोडलं. आधी काही जण म्हणत होते की प्रतिज्ञापत्रच मुख्य पुरावा करा. पण पन्नास वर्षांनंतरच्या नुसत्या आठवणीवर कोणतंही कार्यालय भरवसा ठेवत नाही. मूळ कागदाला आधार म्हणून ते जोडलं तर मात्र वजन येतं.

तिसरा निर्णय : अपंगत्वाचा दावा जोडायचा का

बॅटल कॅज्युअल्टी सिद्ध झाल्यावर एका परिचितांनी सुचवलं की आता वॉर इंज्युरी पेन्शनचाही दावा लावा. आबांचा डावा पाय थंडीत आखडतो, जिना चढताना त्रास होतो. पण १९८४ साली ते पूर्ण फिट म्हणून बाहेर पडले होते, कुठल्याही मेडिकल बोर्डाने अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेली नव्हती. तो दावा वेगळा, त्याचे पुरावे वेगळे, आणि त्याला पैशाची बाजू असल्याने छाननी जास्त कडक. पदकाच्या अर्जात तो मिसळला असता तर पदकही त्याच छाननीत अडकलं असतं.

तो दावा जोडला नाही हे बरोबरच झालं. पण आबांनी तो पुढे कधीच करायचा नाही असं ठरवलं, ते मला तितकंसं पटलेलं नाही. "पाय चालतोय माझा" हे त्यांचं उत्तर. त्यांचा निर्णय त्यांचा, परंतु त्यांच्या जागी असलेल्या दुसऱ्या कुणाला मी निदान तपासणी करून घ्या असं सांगेन.

शौर्याची फाईल

पहिल्या फाईलचा मार्ग मोकळा झाल्यावर दुसरी उघडली. कमांडिंग ऑफिसर वारलेले. कंपनी कमांडर हयात आहेत, वय नव्वदीकडे, बोलणं स्वच्छ. नातीने फोन केला. त्यांना आबा आठवत होते, एलएमजी आठवत होती, मांडीची जखमही आठवत होती. नाव पाठवल्याचं आठवतं का, यावर ते म्हणाले की पलटणीतून बरीच नावं गेली होती, यांचं त्यात होतं की नाही हे ते शपथेवर सांगू शकत नाहीत. आणि आज नव्याने शिफारस लिहून देणार नाहीत, कारण तो प्रसंग त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता.

घरचे नाराज झाले. मला मात्र त्या साहेबांबद्दल आदरच वाटला. सही करून टाकणं सोपं होतं, आणि तशा सह्यांनीच खऱ्या शिफारशींची किंमत जाते.

इथे अमेरिकेतल्या एका गाजलेल्या प्रकरणाचा उल्लेख करायला हवा, कारण थोरल्या मुलाने तेच पुढे केलं होतं. कॅप्टन पॅरिस डेव्हिस या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने जून १९६५ मध्ये व्हिएतनाममधल्या बाँग सनजवळ जखमी असूनही साथीदारांना बाहेर काढलं. सर्वोच्च पदकासाठी शिफारस झाली आणि कागद हरवले. पुन्हा पाठवायला सांगितलं गेलं, पुन्हा हरवले. शेवटी मार्च २०२३ मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. पण तिथे मूळ शिफारस झाली होती हे सांगणारे लोक आणि कागद होते, त्याच रात्रीचे साक्षीदार हयात होते, आणि मुदत उलटलेल्या पदकांची प्रकरणं लोकप्रतिनिधीमार्फत पुन्हा तपासायला लावण्याची कायद्यात सोय आहे. आपल्याकडे न्यायाधिकरणाने युद्धाच्या नोंदींना हात घातल्याचं उदाहरण आहे: कारगिलमधल्या ब्रिगेडिअर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात २०१० साली लढाईचा अहवाल दुरुस्त करण्याचा आदेश झाला. मात्र तिथेही वाद लिहिलेल्या अहवालाचा होता. आबांच्या बाबतीत शिफारशीचा मूळ कागदच हाती नाही.

म्हणून शौर्य पदकाचा अर्ज केला नाही. त्याऐवजी आबांचं निवेदन, सुभेदारांचं प्रतिज्ञापत्र आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत पलटणीच्या सध्याच्या कमांडिंग ऑफिसरना पाठवली, पलटणीच्या इतिहासात नोंद घ्यावी अशा विनंतीसह. त्यांचं उत्तर आठवड्याभरात आलं, हाताने लिहिलेलं.

काय मिळालं

रेकॉर्ड ऑफिसने पूर्वी स्टार आणि वूंड मेडल, दोन्हींची पात्रता मान्य करून नवी पार्ट टू ऑर्डर काढली आणि डिस्चार्ज बुकात दुरुस्तीची नोंद करून दिली. माझ्या दृष्टीने मुख्य निकाल हा. पदक हरवू शकतं, नोंद राहते.

प्रत्यक्ष पदकांचं दुखणं निराळं. लष्करात पदकांचा अनुशेष वर्षानुवर्षं आहे. सेवेतले जवानसुद्धा दुकानातून विकत घेऊन छातीवर लावतात, हे कँटोन्मेंटच्या बाजारात गेलेल्या कुणालाही माहीत आहे. स्टार काही महिन्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आला, मागच्या बाजूला नंबर, हुद्दा, नाव कोरलेला. वूंड मेडलबद्दल 'साठा उपलब्ध झाल्यावर' असं पत्र आलं. मुलाने दुकानातून एक आणून दिलं. आबांनी ते लावलं नाही, डबीत ठेवून दिलं. त्यावर नाव नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

१९८४ ला डिस्चार्ज घेताना पुस्तकातले सगळे रकाने वाचून सही केली असती तर हे दहा मिनिटांचं काम होतं. रेजिमेंटच्या सेंटरवर असताना समोरच्या खोलीत रेकॉर्ड असतं, त्या युद्धातली माणसं सेवेत असतात. पण घरी जायच्या ओढीत कुणी ते वाचत नाही, आणि वाचायला सांगणारंही कुणी नसतं. आज जे बाहेर पडताहेत त्यांना तरी युनिटच्या क्लार्कने रकाना रकाना वाचून दाखवावा.

ट्रंक पहिल्याच दिवशी रिकामी करायला हवी होती. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज तारेच्या संदर्भ क्रमांकासह गेला असता तर अपिलाची वेळ आली नसती.

आणि रेकॉर्ड ऑफिसबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बॅटल कॅज्युअल्टींची नोंदवही आणि मोहिमेच्या पदकांची नामावली ही दोन्ही एकाच छपराखाली असतात. जखमी म्हणून नोंदलेला नंबर स्टारच्या यादीत नसेल तर ते तपासणं कार्यालयाचं काम आहे, आणि आता तर संगणक आहेत. आपणच जपायचा कागद माणसाकडून मागायचा आणि तो नाही म्हणून नकार द्यायचा, हे उलटं आहे. पंच्याहत्तर वर्षांच्या सगळ्याच हवालदारांच्या घरी माहिती अधिकार लिहिणारी नात नसते.

पार्ट टू ऑर्डरचा जो उतारा आला त्यात आबांच्या नावाखाली आणखी एक नंबर होता, त्याच दिवशी त्याच हॉस्पिटलातून डेपोत आलेला. तो जवान काही वर्षांपूर्वी वारला. त्याची पत्नी पलीकडच्या तालुक्यात असते. तिच्याकडच्या डिस्चार्ज बुकातही स्टार नाही. तिच्या नावाने अर्ज तयार करून, वारस दाखला आणि त्याच पार्ट टू ऑर्डरची प्रत जोडून, तो गेल्या महिन्यात पाठवला आहे. उत्तर यायचं आहे.